पळस, कमळ, जवस, तणस

बाजारात मिळणाऱ्या मुळाक्षरांच्या तक्त्यावर अ अननसाचा, ई ईडलिंबाची आणि ऐ ऐरणीचा असतो. गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव तालुक्यात, धानाच्या बांध्यांनी वेढलेल्या एका गावात, असा तक्ता एका घराच्या ओसरीत बरेच दिवस टांगलेला होता. घरातल्या चार वर्षांच्या मुलीला तो तोंडपाठ झाला. "अ कशाचा?" विचारलं की ती लगेच "अननसाचा" म्हणायची, आणि तोच अ वर्तमानपत्रात दाखवला की ओळखायची नाही. अननस तिने पाहिलेला नव्हता. ईडलिंबू तर तिच्या आईनेही कधी पाहिलं नव्हतं.

ही आई डी.एड. झालेली. शिक्षक भरतीची वाट पाहता पाहता लग्न झालं, दोन मुलं झाली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, पाठोपाठ अंगणवाड्याही. ग्रामीण महाराष्ट्रातले पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले ते १ डिसेंबर २०२१ रोजी. मधल्या काळात अभ्यास मोबाइलवर येत होता, पण घरात मोबाइल एकच आणि तो सकाळी मुलीच्या बाबांबरोबर राइस मिलमध्ये जायचा. तेव्हा मुलीचं शिकणं घरात होणार होतं आणि घरात, अंगणात, बांधावर जे सापडेल त्यातूनच होणार होतं. शाळा उघडल्यावरही तिने हे काम सोडलं नाही. आधी मुलगी, मग धाकटा मुलगा, मग शेजारची लेकरं, असं ते वाढत गेलं. लेकरं तिला 'मॅडम' म्हणत नाहीत, 'काकी' म्हणतात, आणि तिला तेच बरं वाटतं.

तक्ता तिने उतरवून ठेवला आणि मुलीला घेऊन गावभर फिरायला सुरुवात केली. दिसेल त्या वस्तूचं नाव घ्यायचं, घरी येऊन ते वहीत उतरवायचं. काही दिवसांनी वही चाळताना तिच्या लक्षात आलं की यातले कितीतरी शब्द बिनकाना-मात्रेचे आहेत. पळस, कमळ, जवस, तणस, गवत, हळद, बदक. पळस जंगलाच्या कडेला, कमळ तलावात, जवस रब्बीच्या शेतात, तणस, म्हणजे धानाचा पेंढा, प्रत्येक गोठ्यात. या सात शब्दांत तेरा वेगवेगळी अक्षरं येतात. मराठीत मुळाक्षरं शिकवायला 'ग म भ न' ही जुनी वाट आहे, कारण या अक्षरांच्या वळणांत साम्य आहे आणि काढायला ती सोपी आहेत. ती वाट तिने टाकली नाही. लिहिण्याचा सराव त्याच क्रमाने ठेवला. वाचन मात्र या सात शब्दांनी सुरू झालं.

यातला प्रत्येक शब्द हातात घेता येतो. आधी वस्तू हातात, मग तिचं नाव तोंडात, मग त्या वस्तूचं काहीतरी करायचं आणि सगळ्यात शेवटी ते नाव कागदावर. पळसाच्या पानांची पत्रावळ लावायची, फुलं उकळून केशरी रंग काढायचा. तणसाची दोरी वळायची. हळदीत चुन्याची निवळी घातली की लाल रंग होतो, तो लेकरांच्या डोळ्यांदेखत करायचा. एवढं झालं की पाटीवर 'हळद' लिहिलेलं त्यांना परकं वाटत नाही. तिच्या सगळ्या अनुभवाचा गाभा एवढाच आहे: मुलाने पहिला शब्द असा वाचावा, ज्याची वस्तू त्याच्या हातून गेलेली आहे.

कानाची तयारी तिला वाटली होती त्याहून अवघड निघाली. तिने लेकरांना शब्द म्हणत टाळ्या वाजवायला सांगितलं. पळस म्हणताना सगळ्यांनी दोनच टाळ्या वाजवल्या: प, ळस. त्यांचं बरोबरच होतं. मराठी बोलताना शब्दाच्या शेवटच्या अक्षरातला अ आपण उच्चारत नाही, त्यामुळे कानाला दोन तुकडे ऐकू येतात आणि कागदावर मात्र तीन अक्षरं असतात. मोठ्यांना याची इतकी सवय झालेली असते की मूल कुठे अडखळतंय ते दिसतच नाही. तिने चिंचोके काढले. शब्द अगदी सावकाश, लांबवून म्हणायचा आणि प्रत्येक अक्षराला एक चिंचोका पुढे सरकवायचा. तीन चिंचोके सरकले की त्यांच्या जागी तीन अक्षरांची कार्डं ठेवायची. ही कार्डं जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यांची. अक्षर डिंकाने काढून त्यावर चाळलेली बारीक रेती भुरभुरलेली. बोट फिरवलं की वळण बोटाला कळतं. खरखरीत कागदाची अक्षरं मारिया माँटेसरी यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रोममध्ये वापरली होती; इथे ती बाघ नदीच्या रेतीची झाली.

एक सूचना ती प्रत्येक आईला आवर्जून करते. चिंचोके तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नयेत, ते नाकात नाहीतर घशात जातात. आणि गुंजा कितीही देखण्या असल्या तरी त्या कामासाठी आणूच नयेत. गुंजेचं बी विषारी असतं, चावलं गेलं तर जिवावर बेतू शकतं.

पेन्सिल तिच्याकडे उशिरा येते आणि यावरच घरात सगळ्यात जास्त वाद झाले. जन्माच्या वेळी बाळाच्या मनगटातली आठही लहान हाडं कूर्चेची असतात. ती एकेक करून वर्षानुवर्षं कडक होत जातात, सगळी पुरी व्हायला दहाव्या-बाराव्या वर्षाच्या आसपासचा काळ येतो. चार वर्षांच्या हातात पेन्सिल देऊन पानभर अ गिरवायला लावला की मूल पेन्सिल मुठीत घट्ट धरतं, मान वाकडी करतं आणि लवकरच कंटाळतं. त्याऐवजी तिने हाताला कामं दिली. वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडणं, त्यांची चटई विणणं, धानातून खडे वेचणं, बोडीतली, म्हणजे छोट्या तळ्यातली, चिकण माती मळणं. पत्रावळ लावताना काडी पानातून आत घालून बाहेर काढावी लागते आणि पान फाटू द्यायचं नसतं; पाच वर्षांच्या बोटांना याहून चांगला व्यायाम तिला दुसरा सापडलेला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा असतो. लेकरं लाकडी नंदीबैल सजवून घरोघर फिरतात. शाळा बंद होत्या त्या वर्षी बाजार भरला नाही आणि लाकडी बैल आणायचे कुठून, म्हणून मातीचे केले. मातीचा बैल उभा करणं सोपं नाही. चार पाय सारखे हवेत, नाहीतर तो कलंडतो; शिंगं बारीक वळायची तर बोटांची टोकंच चालवावी लागतात. एका मुलाचा बैल सतत पडत होता. त्याने शेवटी पोटाखाली मातीचा ठोकळा लावला आणि "माझा बैल बसला आहे" असं जाहीर केलं. मग प्रत्येकाने आपल्या बैलाचं नाव सांगितलं, तिने ते चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी काडीला लावून बैलापुढे रोवली. संध्याकाळपर्यंत ज्यांना एक अक्षर येत नव्हतं ती लेकरंसुद्धा स्वतःच्या बैलाची चिठ्ठी ओळखत होती, आणि दुसऱ्याच्या बैलापुढे आपली चिठ्ठी गेली तर भांडत होती.

डी.एड.ला असताना परीक्षेसाठी पाठ केलेली नावं तिला या काळात पुन्हा आठवली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी ठरवलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून पानं, बिया, खडे आणि शिंपले यांचीच साधनं केली. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी योजनेचा वाटतो, पण त्यामागे खरंखुरं अंगण होतं. त्याआधी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, विदर्भातच वर्ध्याला झालेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला आणि सेवाग्रामला नई तालीम उभी राहिली. गांधीजींनी आत्मचरित्रात स्वतःच्या वाईट अक्षराबद्दल लिहिताना म्हटलं आहे की मुलाने आधी चित्र काढायला शिकावं आणि अक्षर लिहायला नंतर. ओसरीत चाललेलं काम हे काही नवं खूळ नाही, ते याच प्रांतात कुणीतरी मन लावून केलेलं आहे, याचा तिला मोठा आधार वाटला.

घरच्यांना मात्र भरलेली वही हवी होती. खासगी बालवाडीत जाणाऱ्या पुतण्याच्या वह्या लाल शाईच्या 'छान'ने भरत होत्या आणि इकडे मुलीच्या हाताला चिखल. सासूबाईंचा आक्षेप वेगळा होता. सुपात कणी पसरून तिच्यावर बोटाने अक्षरं काढायचं तिने ठरवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, अन्नाशी काहून खेळवतेस लेकरांना?" ज्या घरात रोवणीपासून मळणीपर्यंत प्रत्येक दाण्यामागे पाठ वाकते, तिथे हा प्रश्न योग्यच आहे. तिने कणी काढून सुपात रेती घातली. तेव्हापासून सासूबाई स्वतः रेती चाळून देऊ लागल्या. वहीच्या प्रश्नावर तिने एक फाइल केली: मुलीचं प्रत्येक चित्र, त्यावर तारीख, आणि चित्राबद्दल मुलगी जे बोलली ते खाली जसंच्या तसं. काही महिन्यांनी ती फाइल नवऱ्याने एका रात्री सलग पाहिली. सुरुवातीच्या पानावर नुसता गोल होता, शेवटच्या पानांवर तलाव, पाळ, त्यावरची म्हैस आणि म्हशीवरचा बगळा. वहीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

'जसंच्या तसं' लिहिण्यातही एक अडचण होती. गोंदिया हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला जिल्हा. उत्तरेला मध्य प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड. इथल्या कुणाच्या घरात पोवारी बोलतात, कुणाच्या झाडीबोली, देवरी-सालेकसाकडे गोंडी, आणि बाजारात हिंदी. शाळेच्या पुस्तकातली मराठी यांपैकी पुष्कळ लेकरांना घराबाहेरच पहिल्यांदा भेटते. ओसरीत येणारी लेकरं बोलतात ते असं मिसळलेलं. एका शेजारणीने स्पष्ट सांगितलं, "ताई, शुद्धच लिहा, नाहीतर शाळेत हसतील." तिने विचार करून ठरवलं की मुलाचं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहायचं. ते वाक्य मूल लगेच 'वाचू' शकतं, कारण ते त्याचंच असतं. पुढे, वाचन रुळल्यावर, त्याच गोष्टीचं पुस्तकी मराठीतलं रूप शेजारच्या पानावर येतं. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांनी १९६३ च्या 'टीचर' या पुस्तकात हेच सांगितलं आहे: मुलाला ज्या शब्दाची ओढ किंवा भीती आहे, तो शब्द कार्डावर लिहून त्याच्या हाती द्या, तो विसरणार नाही.

हे तिला पटलं ते एका मुलामुळे. मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबातला हा मुलगा साडेपाच वर्षांचा होता. पाटी समोर आली की उठून जायचा. चिंचोके नको, रेती नको, बैलही नको. एकदा त्याच्या बाबांच्या जाळ्याचा फाटका तुकडा घेऊन तो ओसरीत बसला आणि गाठी मारायला लागला. गाठी चोख होत्या, घरं एकसारखी होती. बाकीची लेकरं त्याच्याभोवती जमली आणि त्या दिवशी त्यानेच सगळ्यांना शिकवलं. तिने कार्डावर 'जाळं' लिहून त्याला दिलं. तो ळ बराच वेळ बघत राहिला. दोरीचे दोन वेढे घालून त्याने तो जमिनीवर हुबेहूब मांडला. मग त्याला तळं हवं झालं, मासोळी हवी झाली, कमळ तर आधीच भिंतीवर होतं. ळ हे अक्षर लिहिण्याच्या सरावाच्या क्रमात फार मागे असतं. त्याच्यासाठी ते पहिलं ठरलं, आणि त्याच्यापुरता क्रम तिने बदलून टाकला. पाटी त्याने पुढेही फारशी आवडीने धरली नाही, पण दोरीची अक्षरं तो मांडत राहिला आणि मांडता मांडता वाचू लागला.

काना शिकवायला सारस कामाला आला. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर गोंदियातच यावं लागतं, असं म्हटलं तरी चालेल. हा पक्षी धानाच्या बांधीत घरटं करतो आणि इथले शेतकरी त्या घरट्याची राखण करतात. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच, जवळजवळ सहा फुटांपर्यंत. सहा फूट म्हणजे किती, हे सांगून कळत नाही, म्हणून जुनी वर्तमानपत्रं चिकटवून भिंतीवर खऱ्या उंचीचा सारस केला. पायांना गेरू आणि कोळसा, अंगाला राख, डोक्याला हळद-चुन्याचा लाल. लेकरं त्याच्या शेजारी उभी राहून आपली उंची खुणावत होती. खाली मोठ्या अक्षरांत 'सारस', आणि मग त्याच्या जोडीने काना लागणारे शब्द: धान, तलाव, बगळा, पाय. ऱ्हस्व वेलांटी तिने मुद्दाम मागे ठेवली. ती ऐकू येते अक्षराच्या नंतर आणि लिहायची असते आधी. नुकतं वाचायला लागलेलं मूल तिथे हमखास गोंधळतं. चूल, सूप, फूल हे दीर्घ उकाराचे शब्द त्याआधी झाले, विळा आणि चिंच शेवटी.

पुस्तकंही ओसरीतच होतात. दुकानांची एका बाजूने कोरी कॅलेंडरं कापायची, मध्ये दुमडायची, दाभणाने भोकं पाडून सुताने शिवायची. एका पानावर एक चित्र आणि एक वाक्य. 'आमच्या म्हशीला रेडकू झालं' हे पुस्तक इतकं वाचलं गेलं की त्याची शिवण दोनदा बदलावी लागली. छापील पुस्तकं आली की लेकरं आधी ती कशी शिवली आहेत ते उलटून पाहतात.

या कामाच्या मर्यादा ती लपवत नाही. घरी शिकवायला घरात एक मोकळं मोठं माणूस लागतं. रोवणीच्या दिवसांत गावात असं माणूस नसतं. मजुरीवर जाणाऱ्या घरात तर ते कधीच नसतं. जुलैत ओसरी बंद असते, कारण ती स्वतःही बांधीत असते. म्हणून घरशिक्षण हा शाळेला पर्याय आहे, असं ती कुणाला सांगत नाही. उलट, सगळ्या लेकरांसाठी जी जागा आहे ती अंगणवाडीच, असं तिचं ठाम मत आहे, आणि रेतीची अक्षरकार्डं ती गावातल्या सेविकेलाही करून देते.

कायद्याची बाजूही तिने नीट समजून घेतली. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयोगटासाठी आहे. त्याआधीची वर्षं घरी काढली तरी काही बिघडत नाही. सहानंतरच्या घरशिक्षणाबद्दल कायद्यात थेट तरतूद नाही. काही पालक राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षांचा मार्ग घेतात. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या पातळ्या तिथे आहेत. तिने मुलीला जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं. वयाला साजेशा वर्गात प्रवेश द्यायचा, हे त्याच कायद्याचं कलम ४ सांगतं. मुलगी अडखळली ती फळ्यावरून उतरवून घेण्यात. तिचा वेग वर्गातल्या इतरांपेक्षा कमी होता आणि तो यायला पुढचं सत्र लागलं. स्वतःच्या मनाने चार ओळी लिहायला सांगितलं की मात्र तिला थांबवावं लागायचं.

सध्या ओसरीत धाकट्याच्या वयाची टोळी आहे आणि गाडी जोडाक्षरांवर आली आहे. तेंदूपत्ता, रस्ता, कुत्रा आणि पक्षी हे शब्द जमले. जूनमध्ये वाफ्यात धान टाकून झालं, हिरवी पाती वर आली आणि एका मुलीने विचारलं, "काकी, पऱ्हे कसे लिहायचे?" रोवणीची रोपं, या भागातल्या प्रत्येक लेकराच्या तोंडचा शब्द, आणि लिहायला मराठीतलं एक अवघड जोडाक्षर. र अर्धा, पण तो रफार होऊन डोक्यावर जात नाही, ह ला पुढून बिलगतो. तिने तो आधी सुपातल्या रेतीत काढला, मग मातीच्या वळ्यांनी मांडला. दोघांना जमला, बाकीच्यांना नाही. मुलीने मग वाफ्यातून मूठभर पऱ्हे उपटून आणले आणि त्यांचीच पाती वाकवून अर्धा र करून बघितला.